मुकी प्लेट

एखाद्याच्या हाताला गुण असतो म्हणतात. असेल. पण तो गुण कधी कुणाच्या मुळावर उठेल, हे म्हणणारे सांगत नाहीत.

तळमजल्यावरच्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे माळीणबाई म्हणत. बावीस वर्षं ती काचेच्या कपाटांत पेशी वाढवत होती, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून तीन दिवसांत माना टाकणाऱ्या पेशी तिच्या हाताखाली तीन-तीन आठवडे सुखाने नांदत. त्याही साध्यासुध्या पेशी नव्हेत, कूर्चेच्या. सांध्यात दोन हाडांच्या मध्ये जी गुळगुळीत पांढरी गादी असते ना, ती कूर्चा. कातडी फाटली तर भरते, हाड मोडलं तर जुळतं, पण कूर्चा गेली ती गेली. माळीणबाईच्या सरांनी आयुष्यभर एकच ध्यास घेतला होता, ती परत आणायची. आणि कशाने, तर आवाजाने. पोटातलं बाळ बघायला जो अल्ट्रासाउंड वापरतात, तसाच, पण फार हलका, कानाला न ऐकू येणारा आवाज रोज वीस मिनिटं दिला की या पेशी हुशारतात आणि नवी कूर्चा विणायला लागतात, असं सरांचं म्हणणं.

म्हणणं सरांचं, करणं बाईंचं. सर वरच्या मजल्यावर बसून कागद लिहीत आणि उंटावरून शेळ्या हाकत. खाली माळीणबाई रोज सकाळी साडेनऊला हातमोजे चढवायची. एक चपटा डबा होता, त्याच्या पाठीवर सहा गोल चकत्या. त्या चकत्यांमधून आवाज निघायचा. त्यांवर सहा खळग्यांची प्लेट ठेवायची, प्रत्येक खळग्यात पेशी आणि त्यांचं गुलाबी खाद्य. प्लेट आणि चकत्या यांच्यामध्ये पारदर्शक जेल लागायचं, कारण हा आवाज हवेतून पुढे सरकत नाही. जेलमध्ये एक बुडबुडा राहिला, तरी त्याच्या डोक्यावरच्या पेशी उपाशी. म्हणून माळीणबाई प्लेट जेलवर टेकवली की दोन्ही हातांनी हलकेच गोल गोल फिरवायची, नखाने टिचक्या मारायची, परत फिरवायची. शेवटचा बुडबुडा कडेने बाहेर निघेपर्यंत आठ-दहा मिनिटं तिचं हेच चालायचं. मग बटण दाबायची. या प्लेटला त्यांनी नाव दिलं होतं बोलकी प्लेट.

शेजारी दुसरी प्लेट असायची, बोलकीच्या पेशी ज्या गुडघ्यातून घेतल्या त्यातल्याच पेशींची. तीही तशाच डब्यावर वीस मिनिटं ठेवायची, फक्त बटण बंद. ती मुकी प्लेट. ती नसली तर आवाजाने काय केलं आणि पेशींनी आपणहून काय केलं, हे कळायचं कसं? एकवीस दिवसांनी दोन्ही प्लेटांवर निळा रंग घालायचा. नवी कूर्चा झाली असेल तिथे रंग चिकटून बसतो, नाहीतर धुऊन जातो. बोलकी दर वेळी गडद निळी निघायची, मुकी फिकट. चार वर्षांत छत्तीस वेळा हा प्रयोग झाला आणि छत्तीसही वेळा असंच झालं.

सरांचा शोधनिबंध छापून आला. पुढच्या वर्षी मोठ्या हॉस्पिटलात दहा पेशंटांच्या गुडघ्यांवर हे मशीन लावून बघायचं ठरलं. त्या दहांच्या यादीत पहिलं नाव माळीणबाईच्या गुडघा दुखावलेल्या थोरल्या बहिणीचं घालतो, असं सर स्वतः म्हणाले. त्या दिवशी माळीणबाई घरी जाताना अक्षरशः तरंगत गेली.

थोरली बहीण, ताई, टपाल वाटायची. सव्वीस वर्षं एकच रस्ता, एकच पिशवी. वाटेवरच्या पायऱ्या तिने एकदा मोजल्या होत्या, जाऊन-येऊन नऊशे चौदा. कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं आणि कुठलं न भुंकता पोटरी धरतं, हे तिला माणसांच्या स्वभावापेक्षा पक्कं ठाऊक. अंगात ताप असो की गुडघाभर चिखल असो, आज आलेलं पत्र आज पोचलं पाहिजे, हा तिचा धर्म. तिच्याच ऑफिसातल्या एका माणसाने कंटाळा करून तीन पोती टपाल माळ्यावर दडवून ठेवलं होतं. ते उघडकीस आलं, त्याची नोकरी गेली, पुढे तो सुधारलाही म्हणे, पण ताई त्याच्याशी कधी बोलली नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जायची. म्हणायची, मेल्याने पाण्याची बिलं दाबली असती तर लोकांनी हार घातले असते, याने मुलाखतीची पत्रं दाबली.

तर अशा या ताईचा पाय एका शेवाळलेल्या पायरीवरून घसरला, हातात जड पार्सल होतं म्हणून सावरता आलं नाही, आणि गुडघा पिळवटला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं. कूर्चेला अंगठ्याच्या नखाएवढं भोक पडलंय. आत्ता लहान आहे तोवर ठिगळ लावता येईल. तुमच्याच गुडघ्याच्या कडेचा तुकडा काढून तिथे बसवू. पण भोकाच्या कडा एकदा कुरतडल्या गेल्या की ठिगळाला धरायला जागा राहणार नाही, मग अख्खा सांधाच बदलावा लागेल. ठिगळ लावलं तर सहा महिने घरी बसायचं, त्यानंतर चालता-फिरता येईल. सांधा बदलला तर टपालाची वाट विसरायची.

ताईला सहा महिने घरी बसायचं म्हणजे जन्मठेप वाटली. तिने बहिणीला विचारलं. धाकटी बहीण अगदी त्याच खात्यात, मग दुसऱ्या कुणाला विचारायचं? हातच्या काकणाला आरसा कशाला. आणि माळीणबाईने छाती पुढे काढून सांगितलं, की थांब. कापाकापी कशाला करून घेतेस, पुढच्या वर्षी आमचं मशीन येतंय, रोज वीस मिनिटं पाय पसरून बसायचं की झालं. ताईने ऑपरेशनची पहिली तारीख सोडली. गुडघ्याला पट्टा बांधून ती पायऱ्या चढत राहिली.

इतपत सगळं बरं चाललं होतं. मग दुसऱ्या एका गावातल्या प्रयोगशाळेने सरांसारखंच मशीन बनवून तोच प्रयोग करून पाहिला आणि पत्र पाठवलं, की आमच्याकडे बोलकी आणि मुकी दोन्ही सारख्याच फिकट येतात. सर हसले. म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. त्या लोकांनी पुन्हा केला, पुन्हा फिकट. तिसऱ्या पत्रात तिथल्या प्रमुख बाईंनी फार नम्रपणे लिहिलं होतं, की तुमच्याकडे ज्या हे काम करतात त्यांचे हात आम्हाला बघायला मिळाले तर आमची चूक आम्हाला सापडेल.

सरांनी कॅमेरावाला बोलावला. त्याने माळीणबाईच्या हातांवर कॅमेरा रोखून सकाळचं सगळं काम टिपलं. ती त्या दिवशी ठेवणीतले कानातले घालून आली होती, आणि फिल्ममध्ये कोपराच्या वरचं काहीच आलं नाही. सर म्हणाले, बाई, ही फिल्म बघून एकेक पायरी लिहून काढा, त्यांना पाठवू, बघून शिकतील बिचारे.

दुपारच्या वेळी माळीणबाई कॉम्प्युटरसमोर बसली आणि स्वतःचे हात बघत लिहायला लागली. बोलकी प्लेट: जेल घालणे. प्लेट टेकवणे. गोल फिरवणे, चाळीस वेळा. टिचक्या मारणे. पुन्हा फिरवणे, तीस वेळा. बुडबुडे तपासणे. पुन्हा फिरवणे. बटण दाबणे. पाऊण पान भरलं. मग लिहिलं, मुकी प्लेट. आणि पुढे एकच शब्द सुचला: ठेवणे.

तिने फिल्म मागे नेली. परत बघितलं. मुक्या प्लेटच्या खाली जेल नव्हतं. जेल नाही म्हणून बुडबुडे नाहीत, बुडबुडे नाहीत म्हणून फिरवणं नाही, टिचक्या नाहीत. ते हात मुकी प्लेट उचलत होते, बंद डब्यावर ठेवत होते आणि बाजूला होत होते.

तिला आठवायला वेळ लागला, इतकं ते जुनं होतं. चार वर्षांपूर्वी, पहिल्याच महिन्यात, जेलच्या बाटल्या संपल्या होत्या आणि नव्या यायला सहा आठवडे लागणार होते. सरांनी लिहून दिलेल्या कागदावर होतं, दोन्ही प्लेटा अगदी सारख्या हाताळाव्यात. पण बंद मशीनला जेल कशाला, म्हणून तिने तेवढं वाचवलं. सरांना सांगितलंही होतं. सर म्हणाले होते, वा, अगदी घरच्यासारखं काम करता तुम्ही. नव्या बाटल्या आल्या, तरी सवय पडली ती पडली. यात तिने काही लपवलं नव्हतं. लपवण्यासारखं काही आहे, हेच तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आता आलं. कूर्चेच्या पेशी कुठे राहतात? सांध्यात. आणि सांधा दिवसभर काय करतो? हलतो. रोज आठ-दहा मिनिटं बोलकी प्लेट हलत होती, मुकी निपचित पडून होती. मग छत्तीस वेळा तो निळा रंग कुणी आणला, आवाजाने की हाताने? समोरच्या पडद्यावर ते दोन हात आपले गोल गोल फिरतच होते.

तिने तो कागद सरांना दिला नाही. कॉम्प्युटर बिघडलाय, सावकाश देते, असं सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता दोन प्लेटा लावल्या. एकीला आवाज द्यायचा पण हलवायचं नाही. जेलमधले बुडबुडे तिने बारीक सुईने ओढून काढले, प्लेटला धक्का लागू न देता. दुसरीला नुसतं जेलवर फिरवायचं, टिचक्या मारायच्या, पण बटण दाबायचं नाही. दोन्ही प्लेटा इन्क्युबेटरच्या, म्हणजे पेशींच्या त्या उबदार कपाटाच्या, सगळ्यात खालच्या फळीवर मागे ढकलल्या. एकवीस दिवस. रंग घातल्याशिवाय बोलायचं नाही, असं तिने ठरवलं. शास्त्राला धरून होतं ते. पण खरं सांगायचं तर ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला शास्त्र फार सोयीचं पडतं.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, तिने दोन्ही प्लेटा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. रंगाशिवायही दिसत होतं. हाताने फिरवलेल्या प्लेटमध्ये पेशींनी आपल्याभोवती दाट साय धरली होती. आवाजाच्या प्लेटमध्ये त्या सुट्या सुट्या पडल्या होत्या, जशा मुक्या प्लेटमध्ये पडायच्या तशाच.

ती हात धूत होती तेव्हा ताईचा फोन आला. हॉस्पिटलातून ऑपरेशनची दुसरी तारीख आली होती, पुढच्या आठवड्यातली. डॉक्टर म्हणाले होते, ठिगळ लावायची ही शेवटची संधी समजा, मागे माणसं रांगेत आहेत, उद्या पाचपर्यंत हो की नाही ते कळवा. ताईने हे सगळं सांगितलं, मधेच तिसऱ्या गल्लीतल्या न भुंकणाऱ्या कुत्र्याने नव्या इन्स्पेक्टरची पँट कशी फाडली तेही सांगितलं, आणि मग विचारलं.

"तू सांग. तारीख घेऊ का सोडू?"

घे. एवढंच म्हणायचं होतं. एका अक्षराचा शब्द. पण ते एक अक्षर तोंडातून काढलं की ताई विचारणार, का गं? आणि मग सांगावं लागणार, की छत्तीस प्रयोग, सरांचा शोधनिबंध, हॉस्पिटलातली यादी आणि बावीस वर्षांची माळीणबाई, सगळं एका बाटलीभर जेलच्या काटकसरीवर उभं होतं. अजून नक्की कुठे झालंय, असं तिने मनाला सांगितलं. रंग घालायचा बाकी आहे. नऊ दिवस आहेत. कोण जाणे, निळा रंग काही वेगळंच सांगेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. पण मूठ होती हिची आणि गुडघा होता ताईचा, हे तेवढ्यापुरतं तिने बाजूला ठेवलं.

"सोड," ती म्हणाली. "यादीत तुझं पहिलं नाव आहे, ताई."

"बरं बाई. तू म्हणतेस तर सोडते," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिच्या आवाजात सुटका होती. तिला सहा महिने घरी बसायचं नव्हतं, आणि बहिणीने तिला नको असलेल्या गोष्टीतून मोकळं केलं होतं. माळीणबाईने नळ परत सोडला आणि धुतलेले हात पुन्हा धुतले.

एकविसाव्या दिवशी रंग घातला. हाताची प्लेट गडद निळी. आवाजाची प्लेट पाण्याखाली धरली तशी सगळा निळा रंग बेसिनमध्ये वाहून गेला. तिने प्लेट खाली ठेवायच्या आधी हॉस्पिटलात फोन लावला, ताईची बहीण बोलतेय म्हणून सांगितलं, ती तारीख परत मिळेल का विचारलं. पलीकडच्या कारकुनाने कागद चाळले आणि सांगितलं, की त्या तारखेला दुसऱ्या पेशंटचं ऑपरेशन झालंसुद्धा, परवाच. आता नंबर लागेल आठ महिन्यांनी. लिहू का? लिहा, ती म्हणाली.

मग ती दोन्ही प्लेटा घेऊन जिना चढून सरांकडे गेली. सर बराच वेळ प्लेटा उजेडात धरून बघत राहिले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि तिला, कशी कोण जाणे, त्यांचीच दया आली. त्यांनी तिला बसा म्हटलं नाही. एवढंच विचारलं, की हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही, ती म्हणाली. त्यांनी जेलचं विचारलं. तिने पहिल्या महिन्यातली गोष्ट सांगितली, ते काय म्हणाले होते तेही सांगितलं. त्यांना ते आठवत नव्हतं. खोटं बोलत नसावेत. माणूस स्वतः दिलेली शाबासकी कशाला लक्षात ठेवतो.

सर बेइमान नव्हते, एवढं म्हटलं पाहिजे. त्यांनी प्रयोग दुसऱ्यांकडून पुन्हा करून घेतला आणि महिन्याभरात आपला शोधनिबंध मागे घेतला. मागे घेताना चार ओळी छापल्या, त्यात लिहिलं, कनिष्ठ कर्मचाऱ्याकडून हाताळणीत झालेली चूक. बावीस वर्षं झाली, डोक्याचे केस पांढरे झाले, आणि माळीणबाई कनिष्ठ. वरून खाली यायला जिन्याच्या अठरा पायऱ्या होत्या. चार वर्षांत सर एकदाही सकाळी साडेनऊला त्या उतरले नव्हते. पण ती चूक कुठे छापून येत नाही. दोन महिन्यांत प्रयोगशाळेत नवं मशीन आलं, प्लेटा आपोआप हलवणारं, दिवसभर, न थकता. सरांनी हलण्यावर नवा प्रयोग सुरू केला. त्यात बाईंच्या हाताची गरज नव्हती. त्यांना बाटल्या धुण्याचं काम मिळालं.

हे सगळं तिने गिळलं. हॉस्पिटलातली यादी फाडली गेली, तेही बघितलं. पण ताईला तिने सांगितलं नाही. रविवारी सांगू म्हणायची आणि रविवारी फोनवर दुसरंच बोलायची. मशीनचं काय झालं, असं ताईने दोनदा विचारलं. उशीर होतोय जरा, असं ती दोन्ही वेळा म्हणाली. तोवर ताई नऊशे चौदा पायऱ्या रोज चढत-उतरत होती.

मग एक दिवस भर दुपारी, एका चार मजली घराच्या जिन्यात, ताईचा गुडघा अडकला. वाकेना की सरळ होईना. पाऊण तास ती पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसून होती. शेवटी ऑफिसातून एकजण आला, तेव्हा तिने आधी उरलेली पत्रं त्याला मोजून दिली, कुठलं कुणाच्या दारात टाकायचं आणि कुणाच्या हातात द्यायचं ते समजावलं, आणि मगच त्याला स्वतःला उचलू दिलं. डॉक्टरांनी नवा फोटो काढला. भोक आता नखाएवढं नव्हतं, जुन्या नाण्याएवढं होतं, आणि कडा कुरतडलेल्या. ठिगळाचं नाव काढू नका म्हणाले. सांधा बदलायचा.

माळीणबाई त्या रविवारी ताईच्या घरी गेली. तिसरा मजला. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर, गुडघ्याखाली उशी. टपालाची रिकामी पिशवी दाराच्या खुंटीला लटकत होती. माळीणबाईने चपला काढल्या आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसली असती तर बोलली नसती. जेल, बुडबुडे, बंद मशीन, गोल गोल फिरवणं, निळा रंग, सगळं सांगितलं. सर काय म्हणाले, छापून काय आलं, बाटल्या धुण्यापर्यंत सगळं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ झाला गं, म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

ताईने ऐकून घेतलं. आणि ती चक्क हसली.

"म्हणजे चार वर्षं तू त्या पेशींना झोके देत होतीस."

ताई म्हणाली, अगं, प्रयोग आहे तो, एखादा फसायचाच. तुझ्या त्या सरांना कळलं नाही, जगभरच्या शहाण्यांना कळलं नाही, तुला कुठून कळणार? माझ्या गुडघ्याचं म्हणशील तर तो घसरला पायरीवरून, तू काही ढकललं नव्हतंस. रडू नकोस. तिने बहिणीच्या डोक्यावर हातही ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. माळीणबाईला वाटलं, संपलं. छातीवरचा धोंडा उतरला. आपण किती दिवस उगाच भीत होतो, असंही वाटून गेलं.

मग ताईने सहज विचारलं, की हे तुला कळलं कधी?

एकवीस दिवसांनी, माळीणबाई म्हणाली. रंग घातल्यावर.

सव्वीस वर्षं पाकिटांवरचे शिक्के वाचणारी बाई ती. तारखांच्या बाबतीत तिला कुणी फसवू शकत नव्हतं, आणि धाकटीला तर फसवायचंही नव्हतं. तो प्रयोग लावलास कधी, ताईने विचारलं. माळीणबाईने तारीख सांगितली. ताई मनातल्या मनात दिवस मोजत राहिली, आणि तिचा हात बहिणीच्या डोक्यावरून हळूच निघाला.

"मी फोन केला तो गुरुवार होता."

"हो."

"म्हणजे तेव्हा तो प्रयोग चालू होता."

"बारावा दिवस होता." माळीणबाईला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. "त्याच दिवशी मी बघितलं होतं. जवळजवळ दिसत होतं, ताई. पण खात्री नव्हती. रंग घालायचा होता."

"खात्री मी कुठे मागितली होती," ताई म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "जे होतं तेवढं सांगायचं. पुढचं मी बघितलं असतं, पाचपर्यंत."

खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. ताईची नजर दाराच्या खुंटीकडे गेली आणि तिथेच राहिली.

"सव्वीस वर्षांत मी कुणाचं पत्र एक रात्र माझ्याकडे ठेवलं नाही. आत काय लिहिलंय ते मला माहीत नसायचं, तरी नाही ठेवलं. तुला तर माहीत होतं."

माळीणबाई "ताई" म्हणत पुढे झाली. ताईने मान खिडकीकडे वळवली, थेट, पूर्ण. रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायला तिला आता पाय नव्हते, तेव्हा तिने तेवढंच केलं. माळीणबाई दाराशी गेली, चपला पायात सरकवल्या.

"जाताना दार ओढून घे," ताई खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली. "मला उठता येत नाही."